आडनावबहिणी

नव्या सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी सकाळी ताईने आपला पांढरा कोट कपाटातून काढला, दोनदा झटकला आणि धाकटीच्या पलंगावर टाकला.

"हा घाल. तुझ्या बाहीवरचा डाग काही निघत नाही. घासून घासून माझी बोटं दुखायला लागली."

"आणि तुला?"

"मला कशाला? पांढरा कोट घालून चष्मे विकू होय? लोक डोळे तपासून घ्यायच्या ऐवजी जीभ बाहेर काढून दाखवतील." ताई स्वतःच्याच विनोदावर हसली आणि आरशाकडे वळली.

धाकटीने कोट घातला. खांद्यात थोडा सैल होता, पण चांगला होता, जपून वापरलेला. आई दारापाशी काठी टेकून उभी होती. तिने मुलीकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "शोभतोय हो." बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला केव्हाच निघून गेले होते. धाकटी चपला घालून बाहेर पडली. ताईला दुकानात उशिरा जायचं असायचं, त्यामुळे आता बसला ती एकटीच होती.

कॉलेजात नव्या सेमिस्टरची नेहमीची धामधूम होती. नोटीस बोर्डापुढे ही गर्दी, वेळापत्रक बघायला जो तो दुसऱ्याच्या खांद्यावरून मान लांब करतोय, कोणी सुट्टीत केस कापलेत, कोणी नुसत्याच मिठ्या मारतंय. रक्त-लघवी तपासणीचा हा अभ्यासक्रम. वर्गात मुली जास्त आणि मुलगे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. प्रयोगशाळेत फिनेलचा वास मारत होता, सुट्टीत झाकून ठेवलेल्या मायक्रोस्कोपांवरची प्लास्टिकची कव्हरं अजून तशीच होती. तिथे जागा हजेरीच्या क्रमाने ठरलेल्या असायच्या. धाकटी आपल्या स्टुलावर जाऊन बसली. शेजारचं स्टूल रिकामं होतं. तिने पिशवी त्याच्यावर ठेवली, मग काय वाटलं कोण जाणे, उचलून मांडीवर घेतली.

नव्या मॅडम आल्या. चेहऱ्यावरून कडक वाटत होत्या, पण आवाज मऊ होता. त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नावं पुढे सरकत गेली आणि त्यांनी ताईचं नाव घेतलं.

मॅडमनी पुन्हा नाव घेतलं.

"आलेली नाही का? कुणाला माहीत आहे का?"

मागच्या रांगेतून धाकटीची मैत्रीण, सगळे जिला चष्मिस म्हणायचे ती, म्हणाली, "मॅडम, त्या रिपीटर होत्या. गळाल्या असतील." दोनचार जणी फिसकन हसल्या.

तिच्या अंगावर ताईचा कोट होता, आणि या वर्गातल्या एकाही माणसाला ठाऊक नव्हतं की ताई तिची सख्खी बहीण आहे.

हे असं कसं झालं, ते मागून सांगावं लागेल.

ताई तिच्यापेक्षा दीड वर्षांनी मोठी आणि एक इयत्ता पुढे. या अभ्यासक्रमाला आधी ताईच गेली, आणि गेली ती हौसेने. घरी आली की जेवताना तिचं सुरू व्हायचं. आज काय, तर स्वतःच्याच बोटातलं रक्त काचेखाली बघितलं. उद्या काय, तर कुणाच्या तरी नखाखालच्या मळात केवढी दुनिया नांदते. आई म्हणायची, "अगं, घास तरी जाऊ दे आमचा!" बाबा मात्र मन लावून ऐकायचे. धाकटीला तेव्हा आयुष्यात काय करायचं याचा काही पत्ता नव्हता. ताईचं ऐकून ऐकून तिनेही तिथेच नाव घातलं. ताईला इतका आनंद झाला की तिने आपली पुस्तकं आधीच कव्हर घालून तिच्यासाठी तयार ठेवली.

धाकटीचं पहिलं वर्ष सुरू होतं तेव्हा आई जिन्यावरून पडली आणि कमरेचं हाड मोडलं. कितीतरी महिने ती अंथरुणाला खिळून होती. तिला कुशीवर वळवायचं, अंघोळ घालायची, पायाचे व्यायाम करून घ्यायचे, हे कुणीतरी करायला हवं होतं. बाबांना रजा मिळेना. ताईच म्हणाली, "हिचं पहिलंच वर्ष आहे, ते नको बुडायला. माझं मी सांभाळते." पण तिचं सांभाळलं गेलं नाही. हजेरी कमी भरली आणि तिसरं सेमिस्टर तिला परत करायला लागलं. घरात कुणी याचा गाजावाजा केला नाही. ताईनेही नाही. आई चालायला लागली, यातच सगळे खूश होते.

म्हणजे आता दोघी बहिणी एकाच वर्गात येणार होत्या. पहिल्या वर्षाचे वर्ग गावाच्या पार दुसऱ्या टोकाला भरायचे, त्यामुळे धाकटीच्या मैत्रिणींनी ताईला कधी बघितलेलं नव्हतं. त्या सेमिस्टरच्या पहिल्या सकाळी बसथांब्यावर ताई म्हणाली, "ऐक गं. आपण बहिणी आहोत, हे वर्गात सांगत बसू नकोस."

"का?"

"उगाच तुझी पंचाईत. हिची बहीण मागे पडली, आता हिच्याच शेजारी बसते, असं बोलतील. मला काय, माझी कातडी जाड आहे. पण तुझं सगळं छान चाललंय, तुला कशाला त्याचा त्रास?"

ताई हे इतक्या सहज बोलली, जणू छत्री घे म्हणून सांगत होती. यावर धाकटीने काय म्हणायला हवं होतं? वेडी आहेस का, एवढंच. तीन शब्द. पुढे तिने ते तीन शब्द मनातल्या मनात किती वेळा म्हणून बघितले असतील. पण त्या सकाळी ती म्हणाली, "बरं." आणि म्हणताना तिचा जीव भांड्यात पडला. आदल्या रात्री ती याच काळजीने तळमळत होती. ताईला ते कळलं होतं का? बहुतेक कळलं होतं, म्हणूनच तर तिने आपण होऊन विषय काढला. याच विचाराने पुढे धाकटीचा जीव जास्त जळायचा.

हजेरीत फक्त नाव आणि आडनाव असायचं, आणि दोघींची नावं एकाखाली एक आली. तेव्हाचे सर थांबले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "एकाच घरातल्या की काय?"

"नाही सर," ताई पटकन म्हणाली, "आडनावबहिणी."

वर्ग खो खो हसला. तेव्हापासून दोघींना ते नावच पडलं. सुरुवातीला त्यात गंमत होती. वर्गात ताई तिला अहो-जाहो करायची. "अहो, जरा तो स्पिरिटचा बोळा देता का?" घरी आल्यावर आईसमोर तेच नाटक. "अहो मॅडम, पाण्याचा तांब्या सरकवा." आईला काही कळायचं नाही आणि या दोघी पोट धरून हसायच्या. बसमध्ये त्या वेगवेगळ्या सीटवर बसायच्या आणि उतरताना एकमेकींना डोळा मारायच्या.

मग रक्त काढायचा सराव सुरू झाला. जोड्या हजेरीप्रमाणे. म्हणजे आडनावबहिणी एकत्र. ताईने बाही वर केली. धाकटीने तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला, शीर चाचपली. ज्या हाताने तिला लहानपणी रस्ता ओलांडून शाळेत नेलं होतं, त्याच हातात आता सुई घालायची होती. पहिल्यांदा शीर चुकली. दुसऱ्यांदा चुकली. ताईच्या कोपराशी निळा डाग उमटला. सर ओरडले, "अहो, तो हात आहे, उशी नाही!" ताई शांतपणे म्हणाली, "घ्या हो, सावकाश घ्या. मला काही होत नाहीये." मग तोंड न हलवता, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाली, "श्वास सोड. अंगठ्याने शीर दाबून धर." तिसऱ्यांदा जमलं. रक्तगट तपासला तर दोघींचा एकच निघाला. काचेवर सारख्याच गुठळ्या. बडबडी नावाची तिची दुसरी मैत्रीण टाळी वाजवून म्हणाली, "आडनाव एक, रक्त एक! अगं, जत्रेत हरवलेल्या बहिणी तर नाहीत ना तुम्ही?" सगळे हसले. ताईही हसली. धाकटी सगळ्यांत मोठ्याने हसली, कारण तिला भीती वाटत होती.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. इतकी सोपी संधी पुन्हा आली नाही.

पुढे गंमत हळूहळू आटली. ताई वर्गात शंका फार विचारायची. वर्ष मध्ये गेल्यामुळे तिच्या डोक्यातलं बरंच पुसट झालं होतं. "सर, हे परत एकदा सांगाल?" हे तिचं वाक्य ठरलेलं. मुली तिला मागून "परत काकू" म्हणायला लागल्या. धाकटीने कानांवर हात ठेवले. घरी ती ताईला शिकवू शकली असती, पण ताईने विचारलं नाही आणि हिनेही आपण होऊन काही सांगितलं नाही.

एके दुपारी कँटीनमध्ये चष्मिसने ताईची नक्कल केली. ओढणी खांद्यावर घेतली, मान वाकडी केली आणि घोगरा आवाज काढून म्हणाली, "सर, हे परत एकदा सांगाल? सर, माझं नाव काय ते पण परत एकदा सांगाल?" टेबलावरच्या सगळ्या लोळायला लागल्या. धाकटीही हसली. नक्कल खरंच हुबेहूब होती. ताई मान तशीच वाकडी करायची, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हसता हसता तिची नजर वर गेली, तर ताई दोन हातांच्या अंतरावर चहाचा कप घेऊन उभी होती. दोघींची नजरानजर झाली. धाकटीने नजर खाली घेतली, कप उचलला आणि चहाचा घोट घेतला. जसा अनोळखी माणसाकडे चुकून बघितल्यावर आपण घेतो, तसा.

ताई पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली. संध्याकाळी घरी ती नेहमीसारखीच वागली. आईचे पाय चोळून दिले, दिवे बंद केले. फक्त दुसऱ्या दिवसापासून तिने वर्गात शंका विचारणं बंद केलं, आणि "अहो मॅडम"ही बंद झालं. बसमध्ये ती खिडकीतून बाहेर बघायची.

सेमिस्टर संपलं. ताई पास झाली. सगळ्या विषयांत, काठावर का होईना, पण पास. आणि निकालाच्या दिवशीच तिने घरी सांगितलं की पुढे शिकायचं नाही, चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काम मिळतंय. बाबांनी डोक्याला हात लावला. "एवढं करून आता सोडतेस? कारण तरी सांग!"

"कंटाळा आला," ताई म्हणाली.

बाबा दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. आई म्हणाली, "माझ्या दुखण्याने पोरीचा धागा तुटला." धाकटी भिंतीला टेकून ऐकत होती.

आणि आता मॅडम हजेरीच्या कागदावर पेन रोखून विचारत होत्या, "गळाली म्हणजे? नाव काढू का?"

धाकटी उठून उभी राहिली. "मॅडम, ती माझी बहीण आहे. सख्खी. आणि ती गळालेली नाही. पास झाली आहे. तिने सोडलंय."

धाकटीला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. आभाळ तरी कोसळेल, नाहीतर छातीवरचं ओझं तरी उतरेल. मॅडम म्हणाल्या, "असं होय. मग तिला म्हणावं, ऑफिसात येऊन एकदा सही करून जा." आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. ते धाकटीचंच होतं. "हजर," ती म्हणाली आणि खाली बसली.

तास संपल्यावर चष्मिसने तिला जिन्यापाशी गाठलं. बडबडी तिच्या मागेच होती. चष्मिस रडवेली झाली होती आणि चिडलीही होती. "तू आधी सांगितलं असतंस तर मी असं बोलले असते का? कुणाच्या बहिणीबद्दल कोण असं बोलेल? आता मला किती घाण वाटतंय, माहितीय?"

"तुझं काही चुकलं नाही," धाकटी म्हणाली.

"चुकलं कसं नाही? पण त्या दिवशी कँटीनमध्ये..." बडबडी मध्येच बोलली आणि पहिल्यांदाच आपलं वाक्य अर्धं टाकून गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "सगळ्यांत जास्त तर तूच हसली होतीस."

धाकटी घरी गेली नाही. ती चौकात उतरली आणि चष्म्याच्या दुकानात गेली. दुकान चिंचोळं होतं. दोन्ही भिंतींवर आरसे आणि आरशांत फ्रेमांच्या रांगाच रांगा. ताई काउंटरमागे उभी राहून एका आजोबांच्या चष्म्याची काडी गरम हवेवर धरून वाकवत होती. आजोबांनी चष्मा घातला, डोकं हलवून बघितलं आणि म्हणाले, "आता कानाला टोचत नाही. पण तुझा चेहरा जरा कडक दिसतोय, पोरी."

"तो चष्म्याचा दोष नाही आजोबा, चेहराच तसा आहे," ताई म्हणाली. आजोबा हसत हसत गेले. मग तिने धाकटीला बघितलं. "तू? आईला बरं आहे ना?"

"बरी आहे." धाकटी काउंटरपाशी आली. "ताई, मी आज वर्गात सांगितलं. तू माझी बहीण आहेस म्हणून."

ताईने हातातला छोटा स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "बरं केलंस," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला आता त्याचा काय उपयोग, पण बरं केलंस."

"माझ्यामुळेच सोडलंस ना तू?"

"सगळं तुझ्याचभोवती फिरतं, असं का वाटतं गं तुला?" ताई म्हणाली, पण चिडून नाही. तिने फ्रेमांचा एक ट्रे पुढे ओढला आणि बोलताना हात चालू ठेवले. "खरं ऐकायचंय? हसण्याचं मला काही वाटलं नाही. लोक हसतातच. मी असते तर मीही हसले असते. पण तू माझ्याकडे बघितलंस आणि निवांत चहा प्यायलीस. ओळख न दाखवणं तुला इतकं छान जमलं, की मला वाटलं, झालं, हिला सवय झाली. नाटक आता एकट्या माझं उरलंय. मग सकाळी उठून तिथे यावंसंच वाटेना. आणि खोटं का बोलू, तू न म्हणता मीच सुरू केलं होतं ते सगळं. मग रागवायचं तरी कुणावर?"

"माझ्यावर रागव."

"रागावले होते. झालं रागावून."

"मग परत ये ना. नाव अजून काढलेलं नाही. मी रोज शिकवीन तुला. आता सगळ्यांना माहीतही आहे."

"म्हणजे आता मी सगळ्यांना माहीत असलेली परत काकू." ताई हसली. ते नाव तिला ठाऊक होतं, हे धाकटीला आत्ता कळलं. "नाही गं. इच्छाच उरली नाही. इथे बरं आहे. मालक डोळे तपासायला शिकवतो म्हणालेत. त्यातही मशीन आहे, काचा आहेत. माझं भागतं."

धाकटीला रडू यायला लागलं. ती म्हणाली, "ताई, माझं चुकलं."

"हं," ताई म्हणाली. एवढंच. मग तिने एक मऊ फडकं पुढे केलं. "बसलीच आहेस तर या काचा पुसून दे. बोटाचे ठसे राहू देऊ नकोस."

धाकटी काचा पुसत बसली. माफी मागितली की मोकळं वाटेल, असा तिचा हिशेब होता. तसं काही झालं नाही. ताईने माफ केलं नाही असं नव्हे. केलंच होतं, आणि तिने मागायच्या कितीतरी आधी. पण ज्या वेळी ते व्हायला हवं होतं ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

ते सेमिस्टर धाकटीने मन लावून पार पाडलं. चष्मिस एकदा दुकानात जाऊन आली, ताईकडून नवी फ्रेम बसवून आली आणि येताना म्हणाली, "तुझी बहीण किती छान बोलते गं." रिकाम्या स्टुलावर पुढे दुसऱ्या वर्गातून आलेली एक मुलगी बसायला लागली. तिचा हात धरून रक्त काढताना धाकटीकडून शीर कधी चुकली नाही.

वर्षभराने ताई डोळे तपासण्याच्या अभ्यासक्रमासाठी दुसऱ्या शहरात गेली. बाबांनी ट्रंक उचलली, आईने डोळे पुसले. ताई तिथे एका दुकानात काम करते, संध्याकाळी शिकते आणि तिघीचौघींबरोबर एका खोलीत राहते. तिचं चांगलं चाललंय. धाकटीही पास होऊन एका मोठ्या प्रयोगशाळेत लागली.

ताई सुट्टीच्या दिवशी फोन करते. आईची तब्येत विचारते, बाबांच्या गुडघ्याचं विचारते, मग धाकटीला विचारते, काम कसं आहे, झोप होते ना, स्वतःकडे लक्ष दे. सगळं अगदी नीट. पूर्वी अंघोळीला आधी कोण जाणार यावरून दोघींची अशी जुंपायची, की शेजारची काकू भिंतीवर थापा मारायची. आता कसलाच वाद होत नाही. धाकटी मधूनच मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं बोलून बघते, ताईने उसळून दोन शब्द सुनवावेत म्हणून. पलीकडून ताई म्हणते, "बरं, तू म्हणतेस तसं," आणि फोन आईकडे द्यायला सांगते.